माझ्या हार्मोनिकाचा आवाज पातळ का येतो?

नाशिकहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्या चाळिशी ओलांडलेल्या असून बँकेत नोकरी करतात. लहानपणी वडिलांच्या माऊथ ऑर्गनवर त्या हिंदी चित्रपटगीते वाजवत असत. पुढे काही वर्षे शास्त्रीय गायनही शिकल्या. दोन वर्षांपूर्वी शिकागो ब्लूजची जुनी ध्वनिमुद्रणे त्यांच्या कानावर पडली आणि त्यांनी सी पट्टीची, दहा छिद्रांची हार्मोनिका विकत घेतली. व्हिडिओ पाहून एकेक स्वर सुटा वाजू लागला, चौथ्या आणि सहाव्या छिद्रावर बेंडही, म्हणजे स्वर वाकवून खाली आणणेही, जमले. मात्र आवाज पातळ आणि चिरका येतो, दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की स्वर कण्हत खाली उतरतो, तिसऱ्या छिद्रावरचा बेंड कुठे थांबेल याचा नेम नसतो आणि दोन मिनिटांत दम लागतो. ‘बायकांची फुप्फुसे लहान असतात, तो आवाज तुम्हाला यायचा नाही,’ असे एका परिचितांनी सांगितले. टंग ब्लॉकिंगशिवाय, म्हणजे जिभेने काही छिद्रे झाकून वाजवल्याशिवाय, ब्लूजचा टोन येतच नाही, असेही त्यांच्या वाचनात आले. यजमानांनी लग्नाच्या वाढदिवसाला बुलेट मायक्रोफोन आणि छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर भेट देण्याची तयारी दाखवली आहे. खर्च साठ हजारांच्या घरात जातो. शेजारच्या काकूंनी ‘तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?’ असे विचारून झाले आहे. बँकेच्या स्नेहसंमेलनात एका गिटार वाजवणाऱ्या सहकाऱ्याबरोबर वाजवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. त्यांचा प्रश्न असा, की उपकरणे घ्यावीत, तंत्र बदलावे, की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर

पातळ आवाजाचा दोष तुम्ही तीन ठिकाणी ठेवून पाहिला आहे: फुप्फुसांवर, जिभेच्या न शिकलेल्या तंत्रावर आणि नसलेल्या मायक्रोफोनवर. तुमचे वाजवणे मी ऐकलेले नाही, त्यामुळे छातीठोकपणे निदान करणे योग्य होणार नाही. तरीही तुम्ही सांगितलेल्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत, की दोष बहुधा ओठांच्या मागे, म्हणजे जीभ, टाळू, जबडा आणि घसा मिळून जी पोकळी होते तिच्या आकारात असावा. गायन शिकताना तुम्ही ही पोकळी वापरलेली आहे. हार्मोनिका तोंडाला लावल्यावर मात्र ती आपोआप आवळली जाते, कारण वाद्य लहान आहे आणि लहान वस्तू ओठांच्या टोकाने धरण्याची आपल्याला सवय असते.

आधी फुप्फुसांचा विषय संपवू. हार्मोनिकाची रीड ही पितळेची अगदी छोटी पट्टी असते आणि ती हलवायला फार थोडा श्वास पुरतो. जास्त जोर लावला तर आवाज थोडा मोठा होतो, पण तो भरदार होत नाही. उलट स्वर किंचित उतरतो, चरचरतो आणि काही महिन्यांत ती रीड कायमची बेसूर होते. बहुतेक हार्मोनिका चौथ्या किंवा पाचव्या छिद्राच्या ओढीच्या स्वरावर आधी निकामी होतात, त्याचे कारण वादकाचा हा जोरच असतो. मग तुम्हाला दम का लागतो? ब्लूजमधले महत्त्वाचे स्वर बहुतेक श्वास आत ओढून वाजतात. दोन मिनिटांनी तुमची छाती रिकामी झालेली नसते, ती वापरलेल्या हवेने काठोकाठ भरलेली असते, आणि आणखी हवा घ्यायला जागा उरत नाही. शरीर ही अवस्था ‘दम लागला’ म्हणून सांगते आणि आपण आणखी मोठा श्वास घ्यायला जातो, म्हणजे नेमके उलटे करतो. यावर उपाय श्वास सोडण्याचा आहे. वाक्य सुरू करताना छाती अर्धीच भरलेली असू द्या, दोन वाक्यांमधल्या विरामात नाकाने झटकन हवा बाहेर टाका, आणि सलग ओढीचे स्वर येतात तिथे मधला एखादा स्वर फुंकरीने वाजवता येतो का ते पाहा. प्रत्यक्ष स्वर वाजत असताना मात्र नाक आतून बंद असायला हवे. टाळूचा मागचा मऊ भाग सैल राहिला की निम्मा श्वास नाकावाटे निसटतो आणि आवाज पोकळ होतो. नाक चिमटीत धरून एक लांब स्वर ओढून पाहा; चिमटीने आवाज सुधारला तर गळती तिथेच आहे, असे समजा.

बायकांच्या फुप्फुसांबद्दल तुमच्या परिचितांना एकच नाव सांगा: विली मे थॉर्नटन, जिला जग बिग मामा थॉर्नटन म्हणून ओळखते. १९२६ साली अलाबामात जन्मलेली ही गायिका हार्मोनिका स्वतःच शिकली आणि मोठमोठ्या वादकांच्या बरोबरीने रंगमंचावर वाजवत राहिली. त्यावर ते म्हणतील की ती चांगली धिप्पाड होती. तसे असेल, पण हार्मोनिकाला ते कळत नाही.

आता ‘टू ड्रॉ’कडे, म्हणजे दुसऱ्या छिद्राच्या ओढीच्या स्वराकडे वळू. माझ्या मते तुमचे सगळे दुखणे या एका स्वरात साठवलेले आहे, आणि म्हणून त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. सी पट्टीच्या हार्मोनिकावर ब्लूज वाजवताना षड्ज बहुधा सी धरत नाहीत, जी धरतात. या पद्धतीला वादक ‘क्रॉस हार्प’ किंवा ‘सेकंड पोझिशन’ म्हणतात. हे वाद्य जर्मनीत, फुंकरीच्या स्वरसमूहावर लोकगीते वाजवण्याच्या बेताने बनले होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ते उलट्या बाजूने, ओढीच्या स्वरसमूहावर वाजवायला घेतले, आणि ब्लूज हार्मोनिकाचा सगळा संसार त्या एका बदलावर उभा राहिला. कारण पहिल्या चार छिद्रांमधून श्वास ओढला की तुमच्या भाषेत मंद्र पंचम, षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम वाजतात. षड्ज त्यात टू ड्रॉवर येतो. जो स्वर कण्हतो, असे तुम्ही लिहिता, तो तुमचा सा आहे.

बहुतेक नवशिक्यांना वाटते की दुसऱ्या छिद्राची रीड खराब आहे. ती क्वचितच खराब असते. तोंड आवळलेले असले आणि श्वास जोरात ओढला की आपण नकळत तो स्वर बेंड करत असतो, एवढेच. याची परीक्षा तुमच्या वाद्यातच आहे: तिसऱ्या छिद्राची फुंकर आणि दुसऱ्या छिद्राची ओढ हे दोन्ही एकच स्वर आहेत. आधी तिसरे छिद्र हलके फुंका, मग दुसरे ओढा. दुसरा स्वर पहिल्यापेक्षा उतरलेला किंवा गुदमरलेला वाटला तर जीभ खाली आणि सैल ठेवा, जबडा थोडा सोडा आणि हार्मोनिका ओठांच्या आणखी आत, त्यांच्या ओलसर भागापर्यंत घ्या. गरम बटाटेवड्याचा घास तोंडात गेल्यावर तो टाळूला लागू नये म्हणून आपण आत जी जागा करतो, तेवढी जागा वाजवताना कायम राहिली पाहिजे. श्वास पोटातून, जांभईच्या सुरुवातीला येतो तितक्या सावकाश आत येऊ द्या. ओढायचे असे मनात आणले की ओठ आवळतात. म्हणून हार्मोनिका मधे आहे हे विसरून नुसता श्वास घ्यायचा आहे, असे धरून चाला.

पहाटे खर्ज लावण्याची शिस्त तुम्हाला गायनामुळे ठाऊक असेल. तीच शिस्त इथे लावा. फोनवरच्या तानपुऱ्याची पट्टी पांढरी पाच ठेवा आणि टू ड्रॉ एका श्वासात, अगदी हळू, जितका लांबवता येईल तितका लांबवा. दुसरे काहीही वाजवू नका. स्वर तानपुऱ्यात मिसळून दिसेनासा होतो का, मधेच त्याचा रंग बदलतो का, शेवटी तो खाली घसरतो का, हे ऐका. मग जिभेचा मागचा भाग जरा वर-खाली करून त्याच स्वरात ‘आ’, ‘ओ’, ‘ई’ असे फरक उमटतात का ते पाहा. स्वर तोच राहून त्याचा पोत बदलू लागेल, तेव्हा टोन म्हणजे काय ते कोणी शब्दांत सांगण्याची गरज उरणार नाही. रोज वीस मिनिटे वाजवणार असाल तर पहिली सात-आठ मिनिटे यालाच द्यावीत, असा माझा आग्रह आहे. कंटाळवाणे आहे, मान्य. खर्जही कंटाळवाणा असतो.

तिसऱ्या छिद्राचा बेंड हाती न येण्याचे कारण समजून घ्यायला बेंड होतो कसा, हे थोडे पाहावे लागेल. वडिलांच्या ज्या माऊथ ऑर्गनवर तुम्ही वाजवत होता तो बहुधा ट्रेमोलो जातीचा, म्हणजे छिद्रांच्या दोन ओळींचा असावा. आपल्याकडे घराघरांत तोच असे. त्याच्या प्रत्येक छोट्या कप्प्यात एकच रीड असते, आणि वरखालच्या दोन कप्प्यांतल्या रीड एकमेकींपासून किंचित बेसूर लावलेल्या असतात, त्यामुळे आवाजाला आपोआप थरथर येते. ती थरथर श्वासातले पुष्कळ दोष झाकून टाकते. तुमच्या नव्या हार्मोनिकावर हे पांघरूण नाही. इथे एका कप्प्यात दोन रीड आहेत, एक फुंकरीची आणि एक ओढीची. ओढीचा स्वर बेंड करताना तोंडाची पोकळी मोठी होऊन तिचा स्वतःचा नाद खाली येतो. मग वरच्या स्वराची रीड हळूहळू शांत होते आणि खालच्या स्वराची फुंकरीची रीड, फुंकर नसतानाही, बोलू लागते. म्हणून बेंड किती खाली जाईल हे ओठांच्या जोरावर ठरत नाही, ते त्या दोन रीडमधल्या अंतरावर ठरते, आणि स्वर खालच्या रीडच्या साधारण अर्धा स्वर वर येऊन थांबतो. चौथ्या छिद्रात हे अंतर दोन अर्ध्या स्वरांचे आहे, म्हणून तिथे एकच बेंड मिळतो, आणि चुकायला जागा नसल्यामुळे तो तुम्हाला लवकर आला. दुसऱ्या छिद्रात दोन मिळतात. तिसऱ्यात मात्र जी ते बी असे चार अर्ध्या स्वरांचे अंतर असल्याने शुद्ध गंधाराच्या खाली कोमल गंधार, शुद्ध ऋषभ आणि कोमल ऋषभ असे तीन थांबे सापडतात. थांब्यांवर कसलीही खूण नाही. तुम्ही जोर लावता आणि स्वर थेट तळाशी जाऊन आदळतो.

इथे तुमचे गाणे कामाला येईल. तिसऱ्या छिद्राचा सराव आधी आवाजाने करा: तानपुऱ्यावर शुद्ध गंधारातून कोमल गंधारापर्यंत सावकाश मींड घेऊन गा, तिथे थांबा आणि तसेच परत वर या. जीभ आणि घसा कुठे सरकतात याकडे लक्ष असू द्या. मग तेच श्वास आत ओढत, शीळ घालून करा. आत ओढून घातलेली शीळ वरून खाली उतरवताना जीभ ज्या रीतीने मागे जाते, जवळपास तीच हालचाल बेंडला लागते. त्यानंतरच हार्मोनिका उचला. पहिले काही आठवडे फक्त कोमल गंधारावर थांबायला शिका. त्याच्याखालचे दोन स्वर पुढे येतील. थांबणे जमले की मींड न घेता थेट कोमल गंधारावर स्वर सुरू करून पाहा. हे अवघड आहे, पण बेंड आला की नाही याचा खरा निकाल इथेच लागतो. सगळीकडून घसरत येऊन स्वर गाठणारा वादक ऐकणाऱ्याला लवकर थकवतो.

एक सावधगिरीही सांगतो. सेकंड पोझिशनमध्ये शुद्ध गंधार आणि कोमल निषाद असे स्वर हाती लागल्यावर तुमच्या कानाला खमाज ऐकू येईल, आणि ते चूक नाही. पण ब्लूजचा गंधार आपल्या कोमल गंधारावर तानपुऱ्याबरोबर स्थिर बसवला की गाणे एकदम सभ्य होऊन जाते. तो गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो, पुष्कळदा कोमलच्या थोडा वर असतो, आणि वाक्य कोणत्या भावात आहे त्याप्रमाणे जागा बदलतो. तुम्ही श्रुती ऐकलेल्या आहेत, त्यामुळे एकदा लक्ष गेले की हा फरक तुम्हाला पाश्चात्त्य पियानोवर वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल. त्यासाठी आधी ट्यूनरवर कोमल गंधार अचूक लावून घ्या, आणि नंतर ट्यूनर बंद करून तो हलवायला शिका. क्रम उलटा करू नका.

टंग ब्लॉकिंगबद्दल तुम्ही जे वाचले ते अर्धे खरे आहे. या पद्धतीत ओठ तीन-चार छिद्रांवर पसरतात, जीभ डावीकडची छिद्रे झाकते आणि उजव्या कोपऱ्यातून एक स्वर वाजतो. लिटल वॉल्टर आणि बिग वॉल्टर हॉर्टन यांच्यासारख्या शिकागोच्या वादकांनी ती भरपूर वापरली. तिने टोन चांगला का होतो, याचे मोठे कारण साधे आहे: ओठ रुंद उघडावे लागल्याने तोंड आपोआप मोठे होते. तेवढे मोठे तोंड तुम्ही ओठ गोल ठेवूनही करू शकला, तर नुसत्या टोनसाठी पद्धत बदलण्याची गरज नाही. ओठांनी वाजवून भरदार टोन काढणारे वादक कितीतरी आहेत. ही पद्धत शिकण्याची खरी कारणे वेगळी आहेत. जीभ उचलून पुन्हा ठेवली की स्वरसमूहाचा फटका आणि लगेच सुटा स्वर असा ठेका मिळतो. जीभ मधे ठेवून दोन्ही कोपऱ्यांतून वाजवले की पहिल्या आणि चौथ्या छिद्राचे दोन पंचम एका सप्तकाच्या अंतराने एकत्र वाजतात, आणि एकटी हार्मोनिका दोन वाद्यांइतकी भरून येते. हे ओठांनी होत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की बेंडचे काम सध्याच्याच पद्धतीने चालू ठेवा आणि रोजच्या सरावाच्या शेवटी पाच मिनिटे चौथ्या छिद्रावर फक्त जिभेचा ठेका वाजवा. ट्रेमोलोवर लहानपणी जिभेने ताल धरून गाणी वाजवत असाल, तर हे तुम्हाला अर्धेअधिक येतच आहे.

हातांविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, त्यावरून ते रिकामे राहत असावेत. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत वाद्य धरून उजव्या हाताने मागची बाजू बंद केली की ओंजळीत एक पेटी तयार होते. ती बंद असताना आवाज गडद आणि उघडली की उजळ होतो. सनी टेरी आणि दुसरे सनी बॉय विल्यमसन या ब्लूज हार्मोनिकावादकांच्या मायक्रोफोनला हात न लावता वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांतला निम्मा बोलकेपणा या उघडझापीतून आलेला आहे. (सनी बॉय विल्यमसन या नावाचे दोन वादक होऊन गेले. पहिले जॉन ली विल्यमसन, ज्यांची १९४८ साली शिकागोत हत्या झाली. दुसरे राइस मिलर, जे १९४१पासून अर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर वाजवत. ध्वनिमुद्रणे शोधताना दोघांची गल्लत सहज होते, आणि दोघेही ऐकण्यासारखे आहेत.)

आता साठ हजारांचा प्रश्न. बुलेट मायक्रोफोनचा तो दाट, खरखरीत आवाज ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाला त्या लिटल वॉल्टरने १९५२ साली वाजवलेली ‘ज्यूक’ ही रचना अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, आणि तुमच्या मनात जो आवाज आहे तो बहुधा तिथूनच आला आहे. हे मायक्रोफोन मूळ घोषणांसाठी आणि बिनतारी संदेशांसाठी बनलेले. ते उंच स्वरांची धार कापतात, हातात घट्ट कोंडले की मंद्र भाग फुगवतात, आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्या भाराखाली फाटू लागतो. हे सगळे खरे आहे. पण यंत्रणा तोंडातून येईल तेच मोठे करते. पातळ स्वर घातला तर पातळ स्वर मोठ्याने ऐकू येईल, त्यात शिट्टी येण्याची कटकट वाढेल, आणि मायक्रोफोन कोंडून धरण्यासाठी हातांची जी मोकळी हालचाल तुम्ही अजून शिकलेल्याही नाहीत ती सोडून द्यावी लागेल. लिटल वॉल्टर शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वाजवत असे आणि ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या विजेच्या गिटारशेजारी त्याला ऐकू यायचे होते. तुम्हाला एका गिटारबरोबर सभागृहात वाजवायचे आहे, जिथे गाण्याचा साधा मायक्रोफोन पुरेसा होईल. यजमानांचा उत्साह मोडू नका, भेट पुढच्या वर्षीवर ढकला. या वर्षी त्यांच्याकडून ए पट्टीची एक चांगली हार्मोनिका मागून घ्या. ती काही हजारांत येते, सी पट्टीपेक्षा खालच्या सुरात असल्याने तिचा टू ड्रॉ अधिक भरदार वाटतो, आणि ‘ज्यूक’ वाजवली आहे ती ए पट्टीच्याच हार्मोनिकावर. उरलेल्या पैशांतून एखाद्या अनुभवी वादकाकडे समोरासमोर, निदान ऑनलाइन, काही तास शिकून घ्या. व्हिडिओ तुम्हाला दाखवू शकतो, ऐकू शकत नाही. आणि तुमची अडचण कोणीतरी ऐकायला हवी अशीच आहे.

तोपर्यंत फोनवर स्वतःला ध्वनिमुद्रित करा, पण फोन तोंडाजवळ न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, कारण वाजवणाऱ्याला हाडांतून ऐकू येणारा आवाज आणि समोरच्याला पोहोचणारा आवाज यांत बरेच अंतर असते. महिन्यातून एकदा तोच टू ड्रॉ आणि तीच मींड मुद्रित करून आधीच्या महिन्याशी ताडून पाहा. प्रत्यक्ष मैफल ऐकण्याची संधीही सोडू नका. २०११ साली मुंबईत मेहबूब स्टुडिओत सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवासारखा कार्यक्रम नाशिकहून फार लांब नाही, आणि वादकाचा श्वास व हात डोळ्यांसमोर पाहिल्याने बरेच गैरसमज गळून पडतात.

शेजारच्या काकूंचे म्हणाल, तर त्यांची तक्रार तुमच्या हिताची आहे. हळू वाजवताना जो स्वर भरदार येतो तोच मोठ्याने वाजवताना टिकतो; उलट कधी होत नाही. दार लावून, बोलण्याच्या आवाजापेक्षा हळू वाजवण्याचा नियम करा. जेवणानंतर किंवा चहानंतर वाजवायचे असेल तर आधी चूळ भरा, आणि वाजवून झाल्यावर वाद्य तळहातावर हलके आपटून आतली ओल काढून टाका, म्हणजे रीड अडकणार नाहीत. एवढे सगळे करूनही महिन्या-दोन महिन्यांनी टू ड्रॉ तसाच कण्हत राहिला, तर मात्र जाणकाराकडून त्या रीडची फट तपासून घ्या. स्वतः टाचणी घेऊन तो उद्योग करू नका.

स्नेहसंमेलनात वाजवाच. मात्र वेगवान रचना निवडू नका. बारा बारांचा (बार म्हणजे तालाचा एक खंड) संथ ब्लूज घ्या, तीन आवर्तने पुरेत. पहिल्या आवर्तनात प्रत्येक ओळीचा पूर्वार्ध तुम्ही वाजवा आणि उत्तरार्धात गिटारला उत्तर देऊ द्या; ते वाजवत असताना तुम्हाला श्वास सोडायला वेळ मिळेल. दुसऱ्यात षड्ज, कोमल-शुद्धच्या मधला तो गंधार आणि पंचम एवढ्या तीन स्वरांवरच राहा. तिसऱ्यात येत असेल तेवढा जिभेचा ठेका घाला आणि टू ड्रॉवर थांबा. सहकाऱ्यांना पहिल्या तालमीतच सांगून ठेवा, की हार्मोनिका सी पट्टीची असली तरी गिटार जी मध्ये वाजवायची आहे: पहिले चार बार जी सेव्हन हा स्वरसमूह (कॉर्ड), दोन सी सेव्हन, दोन पुन्हा जी सेव्हन, मग डी सेव्हन, सी सेव्हन आणि शेवटचे दोन जी सेव्हन. ए पट्टीची हार्मोनिका तोवर आली, तर त्यांना ई मध्ये वाजवायला सांगा. गिटारवादकांना ती पट्टी जास्त सोयीची असते. हे आधी बोलून ठेवणे जरूर आहे, कारण हार्मोनिकावर कोरलेले अक्षर पाहून बहुतेक गिटारवादक त्याच पट्टीत सुरू करतात.